मंगोलियन शिकताना मराठीचा उपयोग किती? आणि उभी लिपी कधी घ्यावी?

अर्धविराम

मंगोलियन (खाल्खा, म्हणजे उलानबातारची प्रमाण बोली) शिकायची जी साधनं सहज हाती लागतात, ती बहुतेक इंग्रजी किंवा रशियन बोलणाऱ्यांसाठी बेतलेली आहेत. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नामाला प्रत्यय लागतात, 'खाली', 'मागे' हे शब्द नामानंतर येतात, हे पटवण्यात त्यांची निम्मी पानं जातात. मराठी माणसाला यात काहीच नवं नाही. आपलं घोडं अडतं ते स्वरांपाशी, आणि तिथे ही पुस्तकं दोन ओळींत आटोपतात.

माझं मत असं: पहिले काही महिने फक्त सिरिलिक आणि कान. सिरिलिकची अक्षरं ३५, त्यातली ३३ रशियनची आणि २ खास मंगोलियन स्वरांसाठी. वाचायला आठवडा पुरतो. व्याकरण थेट मराठीशी ताडून घ्यायचं, मध्ये इंग्रजी आणायची नाही. उभी पारंपरिक लिपी (मंगोल बिचिग) वर्षभराने, हौस म्हणून.

हे कितपत बरोबर? जाणकारांनी सविस्तर लिहावं, विशेषतः लिपीबद्दल.

धाग्यापुरत्या खुणा ठरवू या. 'ऑ' म्हणजे 'ऑफिस'मधला. 'ओ' म्हणजे गोलात आडवी रेघ असलेलं अक्षर. साधा 'उ' म्हणजे इंग्रजी वायसारखं सरळ दांड्याचं अक्षर. खाली अनुदात्ताची रेघ असलेला 'उ॒' म्हणजे वळलेल्या शेपटीचं अक्षर. स्वर लांबवायचा असेल तिथे अवग्रह (ऽ), आणि दीर्घ उकार असेल तिथे ऊ. नुक्ता दिलेले च़ आणि ज़ म्हणजे 'चमचा' आणि 'जोर' यांतले.

रानजाई

खुणा छान आहेत, त्याच वापरते. स्वरांपासूनच सुरू करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

स्वरांचे दोन गट. आ, ऑ, उ॒ हे 'एर' म्हणजे पुरुष स्वर. ए, ओ, उ हे 'एम' म्हणजे स्त्री स्वर. इ तटस्थ, कुणाबरोबरही नांदतो. एका मूळ शब्दात दोन्ही गट मिसळत नाहीत, आणि प्रत्ययही शब्दाचा गट बघून रूप बदलतो. त्यामुळे पंचमीचा प्रत्यय एक नाही, चार आहेत:

उ॒लाऽन्बाऽतार → उ॒लाऽन्बाऽताराऽस (उलानबातारहून)
गेर → गेरेऽस (घरातून)
मॉन्गॉल → मॉन्गॉलॉऽस (मंगोलियातून)
ओवोल → ओव्लोऽस (हिवाळ्यापासून)

पाठ करायची गरज नाही. शब्दातला स्वर तोंडात असतानाच प्रत्यय उच्चारला की तो आपोआप जुळतो. दोन जागा मात्र नीट लक्षात ठेवा.

एक, इ आड येत नाही. मॉरि (घोडा) → मॉरिऑर (घोड्याने). मध्ये इ असूनही ऑ पलीकडे पोचला. ज्या शब्दात नुसता इ आहे तो स्त्री गटात जातो: बिचिग → बिच्गेऽस.

दोन, उ आणि उ॒ मात्र ओठांचा गोलावा अडवतात. ऑरॉख म्हणजे आत शिरणे. त्याचं प्रयोजक रूप ऑरू॒लाख, म्हणजे आत घेणे. 'ऑरू॒लॉख' होत नाही. मध्ये ऊ॒ आला की पुढे परत आ. नवशिक्यांच्या लेखनात सगळ्यात जास्त चुका इथेच दिसतात, कारण नियम अर्धाच वाचलेला असतो.

कोकणकडा

धागा वाचनखूण म्हणून साठवलाय. एक प्रश्न: उ आणि उ॒ ऐकताना फरकच कळत नाही. कळतो तेव्हा उ॒ हा 'ओ'च वाटतो. कानाचा दोष की अजून काही?

उंटावरचा_शहाणा

कोकणकडा, कान शाबूत आहेत. उ॒ खरोखरच मराठी उ आणि ओ यांच्या मधोमध आहे. साधा 'उ' आपल्या 'ऊस'मधल्यासारखा, तो फुकटात मिळतो. मेहनत दोन स्वरांवर घ्यायची.

उ॒: आधी 'ओ' म्हणा आणि लांबवा. जबडा तसाच खाली ठेवून फक्त ओठ थोडे आवळा. जिभेचं मूळ घशाकडे मागे ओढलेलं राहिलं पाहिजे. ओठ आवळताना जबडाही वर आला तर तो साधा उ होतो. मग हनुवटीखाली बोट लावून बघा, बोट वर जाता कामा नये.

ओ (रेघवाला): हा मराठी 'ओ' नाही. 'कर'मधला 'अ' धरा, जीभ हलवू नका, ओठ तेवढे गोल करा. पुष्कळांना तो सुरुवातीला 'उ'सारखा ऐकू येतो. ते चालेल. 'ऑ'सारखा म्हटला तर मात्र शब्द बदलतो.

सरावाच्या जोड्या:

उ॒स पाणी, उस केस
ऊ॒ल डोंगर, ऊल ढग
ऑद तारा, ओद पीस
खॉल लांब, खोल पाय
ऑर बिछाना, ओर कर्ज

मंगोलियन माणसाकडून या दहा शब्दांचं ध्वनिमुद्रण उलटसुलट क्रमाने घ्या आणि ऐकून नुसतं 'पुरुष' की 'स्त्री' एवढंच लिहा. अर्थ लिहू नका. दहापैकी नऊ सलग बरोबर येईपर्यंत स्वतः बोलायची घाई नको, कारण जो फरक ऐकू येत नाही तो तोंडातून निघत नाही.

हिरवीगार

'पाय लांब' हे म्हणून बघितलं. घरच्यांनी दार लावून घेतलं. :)

शुद्धलेखक

लांबीबद्दल कुणी बोललं नाही. दीर्घ स्वर म्हणजे स्वर खरंच दुप्पट ताणायचा. आपण लिहिताना ऱ्हस्वदीर्घ पाळतो पण बोलताना 'कवी' आणि 'कवि' सारखेच म्हणतो, म्हणून हे आपल्याला सैल वाटतं. मंगोलियनमध्ये:

च़ास बर्फ, च़ाऽस कागद
तॉस तेल, तॉऽस धूळ
उ॒ल तळवा, ऊ॒ल डोंगर

दुसरी बाजू म्हणजे पहिल्या अक्षरानंतरचे ऱ्हस्व स्वर जवळजवळ गिळले जातात. लिहितात 'मॉन्गॉल', ऐकू येतं 'मॉङ्ग्ल'. लिहितात 'बाऽतार', ऐकू येतं 'बाऽत्र'. आपण 'सरकत' लिहून अंत्य अ म्हणत नाही, तशीच सवय. लिहिलेलं प्रत्येक अक्षर ठासून म्हणणारा माणूस पुस्तक वाचतोय असं वाटतं.

शब्दाच्या शेवटचा 'न' हाही सापळा. शेवटी नुसता न लिहिला असेल तर उच्चार ङ होतो. न हाच उच्चार हवा असेल तर लेखनात पुढे एक मूक स्वर लावतात. म्हणून 'खान' लिहिलं की वाचायचं 'खाङ' (राजा), आणि 'खाना' लिहिलं की वाचायचं 'खान' (भिंत).

आणि खुणांवर माझा एक आक्षेप आहे. त आणि द, च आणि ज, च़ आणि ज़ असं आपण लिहितोय, पण तिथे फरक घोष-अघोषाचा नाही, श्वासाचा आहे. ताल (गवताळ मैदान) यातला त खरं तर 'थ'च्या जवळ आहे, आणि दाल (सत्तर) यातला द आपल्या 'त'च्या जवळ. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा: तालला हलली पाहिजे, दालला हलता कामा नये.

रानजाई

शुद्धलेखक, शंभर टक्के मान्य. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे महिनोन्महिने जमत नाही ते 'त' आणि 'थ' वेगळे म्हणणाऱ्याला पहिल्या दिवशी जमतं. च़-च आणि ज़-ज या भेदाचंही तसंच. 'चमचा' आणि 'चहा' यांतले दोन च हिंदीत नाहीत, आपल्याकडे आहेत. फक्त श्वासाचा हिशेब लावा. 'चमचा'तला च जसाच्या तसा म्हटला तर तो मंगोलियन ज़ होतो. त्यात 'ह' मिसळला की च़ होतो. 'च़ाय' (चहा) म्हणताना पट्टी हललीच पाहिजे.

खुणा मात्र आहेत तशाच राहू द्या. सगळीकडे थ आणि त लिहायला लागलो तर सिरिलिकशी मेळ बसणार नाही.

उंटावरचा_शहाणा

ल राहिला. मंगोलियन ल मोकळा नाही, घासून येतो. जिभेचं टोक वरच्या दातांमागे 'ल'च्या जागी दाबून ठेवा आणि दोन्ही गालांकडून हवा जोरात सोडा. ल आणि श यांच्या मधला आवाज आला की जमलं. शब्दाच्या शेवटी तो आणखी कोरडा होतो. सराव: गाल (आग), माल (गुरंढोरं), खॉल (लांब). मराठी मोकळा ल म्हटला तरी कळतं, पण 'मॉन्गॉल' हा शब्दच या लने संपतो, तेव्हा तो नीट आलेला बरा.

र आपलाच, थोडा जास्त कंप देऊन. मात्र अस्सल मंगोलियन शब्द र ने सुरू होत नाही. रशियाला ते 'ऑरॉस' म्हणतात. आपलं 'रत्न' मध्य आशियातून तिकडे पोचलं तेव्हा पुढे स्वर जोडून 'एर्देने' झालं.

माजघर

रत्नावरून आठवलं. ग्रहांची मंगोलियन नावं वाचून बघा: आन्गाराग (मंगळ), बुद (बुध), बार्खास्बाद (गुरू), सु॒गार (शुक्र), सान्चिर (शनी). आन्गाराग म्हणजे अंगारक, आपल्या अंगारकी चतुर्थीतला. सान्चिर म्हणजे शनैश्चर. बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेले हे शब्द आज तिथले खगोलशास्त्राचे रोजचे शब्द आहेत. 'सान्सार' म्हणजे अवकाश, अंतराळयान जिथे जातं ते. 'शुलेग' म्हणजे कविता, मूळ श्लोक. 'तिव' म्हणजे खंड, मूळ द्वीप.

कोकणकडा

म्हणजे वारांची नावं आपलीच? मग ते एक काम कमी झालं.

माजघर

थांबा, तिथे घोटाळा आहे. आन्गाराग, बुद ही नावं वारांनाही आहेत, पण व्यवहारात दावाऽ, म्याग्मार, ल्खाग्वा, पुरेव, बाऽसान, ब्याम्बा, न्याम ही तिबेटी घराण्याची नावं चालतात. बोलताना त्याहून सोपं: 'नेग देख ओदोर' म्हणजे पहिला दिवस, सोमवार. अशी पाचव्यापर्यंत मोजणी. शनिवार म्हणजे 'खागास साइन ओदोर', अर्धा चांगला दिवस. रविवार 'बुतेन साइन ओदोर', पूर्ण चांगला दिवस. भेटीची वेळ ठरवताना हीच वापरा.

तळटीप

विभक्तीकडे वळतो. साधारणपणे आठ धरतात. मराठीशी जोडी लावली तर:

चा/ची/चे: -ईन (गेरीन, घराचा). लिंगवचन नाही, एकच रूप.
ला, त: -द किंवा -त (गेर्त, घरी किंवा घराला). चतुर्थी आणि सप्तमी एकच.
हून: -आऽस आणि मंडळी, वर रानजाईंनी दिलेली.
ने: -आऽर चार रूपांत.
सह: -ताइ, -तॉइ, -तेइ. इथे रूपं तीनच.
कडे: 'रू॒' किंवा 'रू', हा शब्दापासून सुटा लिहितात.
कर्म: -ईग, पण कर्म ठरावीक असेल तरच. 'नॉम उ॒न्शिख' म्हणजे पुस्तक वाचणे, 'नॉमीग' म्हणजे ते ठरावीक पुस्तक.

तुलना तर हुबेहूब आपली. 'चामाऽस ओन्दोर' म्हणजे तुझ्याहून उंच. 'जास्त' असा वेगळा शब्द घालायची गरजच नाही.

खरी मजा 'लपलेल्या न'ची. आपल्याकडे 'पाणी' आणि 'ला' मिळून 'पाणीला' होत नाही, आधी 'पाण्या-' असं सामान्यरूप होतं. तसं तिथे पुष्कळ नामांच्या पोटात एक न दडलेला असतो आणि काही विभक्तींतच बाहेर येतो:

उ॒स (पाणी): उ॒सनी (पाण्याचा), उ॒सान्द (पाण्यात), उ॒सनाऽस (पाण्यातून). पण उ॒सीग (पाण्याला, कर्म), उ॒साऽर (पाण्याने), उ॒सताइ (पाण्यासह).

म्हणजे षष्ठी, सप्तमी, पंचमीत न येतो. द्वितीया, तृतीया आणि सह या अर्थी येत नाही. नामाचं विशेषण करतानाही येतो: मॉद (लाकूड), मॉदॉन बाइशिन (लाकडी इमारत). आकड्यांनाही तेच: गु॒राव (तीन), पण गु॒र्वान नॉम (तीन पुस्तकं). आणि आकडा लावल्यावर नाम अनेकवचनी करायचं नाही. मराठी सवयीने लोक तिथे अनेकवचनाचा प्रत्यय चिकटवतात.

कोणत्या शब्दात न दडलाय हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून शब्द पाठ करताना एकटा करू नका, षष्ठीच्या रूपासकट करा: 'उ॒स, उ॒सनी'.

हिरवीगार

'सह'ची गंमत सांगू का? त्याने झटक्यात विशेषण होतं. सूतेइ च़ाय, दुधासह चहा. त्यात मीठ असतं, हे आधीच सांगून ठेवते. उलट अर्थी -गुइ: माख्ताइ म्हणजे मांस असलेलं, माख्गुइ म्हणजे बिनमांसाचं.

शाकाहारी मंडळींसाठी कामाचं वाक्य: 'बी माख इदेख्गुइ'.

रानजाई

हिरवीगार, ते वाक्य बदला. 'इदेख्गुइ' म्हणजे 'खाणार नाही', आत्ता किंवा या वेळी. यजमान समजतो की पोट भरलंय किंवा रुसलाय, आणि आग्रह सुरू होतो. 'मी मांस खात नसतो' हे नेहमीचं सांगायचं तर सवयीचं रूप घ्यायचं: 'बी माख इद्देग्गुइ'. मधला -देग हा सवय दाखवतो.

नकाराची रूपं एकदा शेजारी ठेवून बघा, 'याव-' (जाणे) घेऊन:

यावाख्गुइ, जाणार नाही
याव्दाग्गुइ, जात नसतो
यावाऽगुइ, गेलेला नाही
बित्गी याव, जाऊ नकोस

तिसरं रूप सगळ्यात जास्त चुकतं. भूतकाळाच्या 'याव्सान'ला नुसता -गुइ लावून 'याव्सान्गुइ' म्हणतात. ते रूप आहे, पण त्यात 'अपेक्षा होती तरी गेलाच नाही' अशी छटा येते. साध्या नकाराला यावाऽगुइ.

तळटीप

क्रियापदात आपल्याला केवढी मोठी सुटका आहे हे सांगायलाच हवं. पुरुष, वचन, लिंग, काहीही नाही. मी, तू, ती, आम्ही, सगळ्यांना 'याव्ना'. गेलो, गेली, गेले, गेल्या, सगळ्यांना 'याव्सान'.

मराठीशी जुळणारी जागा म्हणजे धातुसाधितं.

-आऽद म्हणजे '-ऊन': इदेऽद याव्लाऽ, खाऊन निघालो.
-ज बाइना म्हणजे '-त आहे': इदेज बाइना, खात आहे.
-माऽर बाइना म्हणजे '-वंसं वाटतं': इद्मेऽर बाइना, खावंसं वाटतंय.
-सान म्हणजे '-लेला': मिनी उ॒न्शसान नॉम, मी वाचलेलं पुस्तक. कर्ता षष्ठीत असतो, शब्दशः 'माझं वाचलेलं'.

इंग्रजीतून शिकवताना शेवटच्या प्रकारावर अख्खा धडा खर्च होतो, कारण तिथे जो-तो जोडून सगळं उलटं फिरवावं लागतं. मराठीत शब्दाला शब्द ठेवून चालतं.

शुद्धलेखक

भूतकाळ मात्र इतका सोपा नाही. तीन रूपं रोज लागतात, आणि ती काळाची नाहीत, माहिती कुठून आली त्याची आहेत. पावसाचं उदाहरण घ्या. मंगोलियनमध्ये पाऊस पडत नाही, 'शिरतो'.

बॉरॉऽ ऑर्सॉन: पाऊस पडला. सरळ माहिती.
बॉरॉऽ ऑर्लॉऽ: आला बघ पाऊस. डोळ्यांदेखत, आत्ता.
बॉरॉऽ ऑर्जेऽ: पाऊस पडून गेलेला दिसतोय. जमीन ओली आहे, किंवा कुणाकडून कळलं.

स्वतःच्या कामाला -जेऽ लावलं तर 'माझ्या नकळत झालं' असा अर्थ होतो, तेव्हा जपून.

उंटावरचा_शहाणा

शुद्धलेखक, -लाऽ ला 'डोळ्यांदेखत' एवढ्यावर बांधू नका. 'बी याव्लाऽ' हे दारात चपला घालताना म्हणतात, अजून गेलेला नसताना. बोलीत त्याचा भर 'अगदी लगतचं' यावर असतो, मागचं असो की पुढचं.

शुद्धलेखक

ते आहेच, पण लगतचं म्हणजे बोलणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातलं. दोन्ही एकाच बाजूने येतात. आणि मराठीत आपण हेच करतो: जागचे न हलता 'आलो, आलो!' म्हणतो, बॅग उचलायच्या आधी 'चला, निघालो' म्हणतो. त्या जागी बेधडक -लाऽ वापरा.

कोकणकडा

एक अडलंय. ऑर्ज, इर्ज (शिरून, येऊन) आहे, मग गार्च, खुर्च (बाहेर पडून, पोचून) का? सगळे र ने संपणारे धातू. याव्ज, पण आव्च. नियम सापडत नाही. पाठ करू?

तळटीप

हा प्रश्न यायलाच हवा होता, कारण याचं उत्तर सिरिलिकमध्ये नाही, उभ्या लिपीत आहे.

उभी लिपी आजचा उच्चार लिहीत नाही, शेकडो वर्षांपूर्वीचा लिहिते. तिच्यात हे धातू असे आहेत: ऑरॉ-, इरे-, याबु-. शेवटी स्वर. आणि हे असे: गार-, खुर-, आब-. शेवटी व्यंजन. जिथे स्वर होता तिथे ज आला, जिथे व्यंजन होतं तिथे च. बोलण्यातून तो स्वर गळाला, सिरिलिकनेही सोडला, म्हणून आज दोन्ही सारखे दिसतात. उभं लेखन माहीत असेल तर अपवाद म्हणून काही उरतच नाही.

दीर्घ स्वरही तसेच. 'च़ाऽस' (कागद) उभ्या लिपीत 'चागासु', 'च़ास' (बर्फ) 'चासु'. डोंगर 'आगुला' लिहून 'ऊ॒ल' वाचतात, तळं 'नागुर' लिहून 'नू॒र'. उ॒लाऽन्बाऽतारमधली दोन्ही पदं 'उलागान' आणि 'बागातुर'. दोन स्वरांमधला ग गळाला आणि स्वर लांबला. महाराष्ट्री प्राकृतात 'नगर'चं 'णअर' झालं, तीच ही वाट.

दडलेल्या न चंही तेच. जुन्या वळणाच्या लेखनात पाणी 'उसुन' आणि झाड 'मॉदुन' असं सापडतं. 'बाइशिन' शेवटी ङसकट लिहितात, म्हणून त्याची षष्ठी 'बाइशिन्गीन'.

तेव्हा अर्धविराम, लिपीला वर्षभर थांबू नका. निदान वाचण्यापुरती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच घ्या. ती हौस नाही, व्याकरणाची किल्ली आहे.

माजघर

+१. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून मंगोलियात सरकारी कागदपत्रांवर दोन्ही लिप्या आल्या आहेत. सिरिलिक तिथे १९४६ पासून अधिकृत. चीनमधल्या आंतर मंगोलियात मात्र उभी लिपीच चालत आली आहे, तिथलं काही वाचायचं तर दुसरा मार्ग नाही.

अर्धविराम

धातूंचं उदाहरण वाचून वर्षाचा बेत बदलला. मग सांगा, रोज अर्धा तास असेल तर सुरुवात नेमकी कशी करायची? अक्षरतक्त्यात एकेका अक्षराची तीन-तीन रूपं आहेत, तो पाठ करायचा का?

तळटीप

तक्ता पाठ करू नका. तिथले शिक्षक आधी रेघा शिकवतात. प्रत्येक रेघेला नाव आहे: नू॒रू॒ (कणा, मधली उभी रेघ), तितेम (मुकुट, शब्दाच्या सुरुवातीचा), शुद (दात), शिल्बे (नडगी), गेदेस (पोट), नु॒म (धनुष्य), सूल (शेपूट). अक्षर म्हणजे या रेघांची जोडणी. सुरुवातीचा आ म्हणजे मुकुट आणि एक दात. सुरुवातीचा ए म्हणजे नुसता मुकुट. मधला न म्हणजे दात, पुढे स्वर असेल तर डावीकडे एक ठिपका.

लिहायची दिशा वरून खाली, आणि ओळी डावीकडून उजवीकडे. कणा एका दमात ओढायचा, ठिपके सगळ्यात शेवटी. मोडी लिहिणाऱ्याचा हात इथे लवकर बसतो.

पहिला आठवडा: कोऱ्या कागदावर फक्त कणा, दात, पोट. दातांची उंची सारखी आली पाहिजे, कारण वाचणारा दात मोजूनच वाचतो. एक दात कमी पडला की शब्द बदलतो.
दुसरा-तिसरा आठवडा: आधीपासून येणारे पंधरा-वीस शब्द दोन्ही लिप्यांत शेजारी लिहायचे. नवा शब्द या काळात नको.
त्यापुढे: नवा शब्द आला की त्याचं उभं रूप शोधून वहीत टिपायचं. मोंगोलतोली या तिथल्या शब्दकोशाच्या संकेतस्थळावर सिरिलिक शब्दाबरोबर ते दिसतं.

शुद्धलेखक

त्यात एक इशारा. या लिपीत त-द एकच, ऑ-उ॒ एकच, ओ-उ एकच, आणि च़-च, ज़-ज सुद्धा एकच. 'आदा' (पिशाच्च) आणि 'एन्दे' (इथे) लिहून बघा: मुकुट-दात विरुद्ध मुकुट आणि बिनठिपक्याचा न, म्हणजे परत मुकुट-दात. पुढचा द आणि शेपूट सारखंच. दोन्ही शब्द कागदावर तंतोतंत एक. संदर्भानेच वाचायचं. म्हणून शब्द आधी कानाने यायला हवा. लिपीवरून उच्चार शिकायला गेलात तर फसाल.

याच संदिग्धतेमुळे ओइरात मंगोलांसाठी ज़ाया पंडितांनी १६४८ मध्ये 'तॉद बिचिग', म्हणजे स्पष्ट लिपी, तयार केली. आणि त्याआधी १५८७ मध्ये आयूश गूश यांनी संस्कृत आणि तिबेटी शब्द लिहिता यावेत म्हणून 'आलि गालि' अक्षरं जोडली.

उंटावरचा_शहाणा

संगणकावर हीच संदिग्धता उलटते. युनिकोडमध्ये त आणि द, ऑ आणि उ॒ यांना वेगळे क्रमांक आहेत, पण दिसतात सारखे. टंकताना चुकीची कळ दाबली तरी पडद्यावर शब्द बरोबरच दिसतो, मग शोधताना सापडत नाही. म्हणून टंकताना 'कसं दिसतं' बघू नका, शब्दाचा मूळ उच्चार धरून कळा दाबा. विभक्तिप्रत्यय शब्दापासून थोडं अंतर सोडून लिहितात, तिथे साधी मोकळी जागा दिली तर प्रत्ययाचं पहिलं अक्षर चुकीच्या रूपात येतं. त्यासाठी वेगळी अरुंद, न तुटणारी जागा आहे, ती कळफलकावर आधी शोधून ठेवा. मजकूर आडवा पडलेला दिसला तर फाँटला दोष देऊ नका. त्या प्रणालीत उभी मांडणी चालू नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हिरवीगार

आणि फोनवरच्या गप्पांचं काय? तिथे रोमन अक्षरांत लिहितात आणि काही कळत नाही.

रानजाई

त्याची एक सवय लक्षात आली की कळतं. 'बाइना'मधले स्वर गाळून फक्त बी-एन-ए लिहितात, 'बाइगाऽ'चं बी-जी-दोन ए. साध्या उ साठी बरेच जण व्ही वापरतात, कारण सिरिलिकमधलं ते अक्षर तसं दिसतं. रेघवाला ओ कधी ओ तर कधी यू लिहिलेला असतो. अडलं तर शब्दातल्या बाकीच्या स्वरांचा गट बघा. पुरुष की स्त्री हे ठरलं की तो उ कोणता, तेही ठरतं.

कोकणकडा

माणसांना हाक कशी मारायची? 'ता' आणि 'ची' म्हणजे तुम्ही आणि तू, एवढं माहीत आहे.

माजघर

वयाने मोठ्या कुणालाही 'ता', ओळख कितीही असो. नुसत्या नावाने हाक मारण्यापेक्षा मोठ्या पुरुषाला 'आख आऽ', मोठ्या बाईला 'एग्च एऽ', आपल्या दादा-ताईसारखं. धाकट्याला 'दू', भाऊ असो की बहीण. संबोधनाचा तो शेवटचा स्वरसुद्धा गट पाळतो, बघा: आख ला आऽ, एग्च ला एऽ. बिचकू नका, दुकानात, गाडीत, सगळीकडे हेच चालतं.

अर्धविराम

तळटीप, 'शिल्बे' आणि 'शुद' हाताने लिहिताना फार जवळचे दिसतायत. फरक कशाने ठेवायचा?

तळटीप

लांबीने. दात आखूड आणि कण्याला चिकटलेला. नडगी दाताच्या साधारण दुप्पट लांब, खाली तिरकी उतरणारी. सुरुवातीला रेघांची वही घेऊन कण्यासाठी एक रेघ आणि तिच्या डावीकडे दाताची व नडगीची अशा दोन हद्दी पेन्सिलने आखून घ्या. हात बसला की हद्दी सोडा. बोरू किंवा चपट्या टोकाचं पेन असेल तर उत्तम, बॉलपेनने जाड-बारीक येत नाही आणि दोन्ही रेघा सारख्याच दिसतात.